गावाकडे नवीन ऑफिस टाकलंय आणि क्लबच्या जेवणाचं बोलावणं आलंय? मग हे वाचा

सीए होऊन पुण्यात न थांबता परत जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ऑफिस टाकलं की थोड्याच दिवसांत दोन फोन नक्की येतात. एक नातेवाईकांचा, रिटर्न फुकटात भरून दे म्हणून, आणि दुसरा एखाद्या सिनियर डॉक्टर नाहीतर वकिलांचा, "ताई, मंगळवारी दुपारी जेवायला या, आपल्या क्लबची मीटिंग असते." पहिल्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. दुसऱ्याबद्दल मात्र बरीच नवीन पोरंपोरी मेसेज करून विचारतात की जायचं का, तिथे नक्की करतात काय, पैसे किती जातात, फायदा होतो का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

माझा क्लब रोटरीचा, म्हणजे वेगवेगळ्या धंद्या-व्यवसायांतल्या लोकांनी एकत्र येऊन समाजकाम करायचा क्लब. लायन्सचा ढाचा साधारण तसाच आहे, जेसीआय ही तरुणांची संस्था, तिच्यात वयाची अट असते, १८ ते ४०. रोटरी १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली आणि मजा म्हणजे तो पण बाहेरून मोठ्या शहरात आलेला, ओळखी नसलेला, म्हणजे आपलीच केस. सुरुवातीला आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात बसायचे म्हणून नाव रोटरी. मेंबरं वाढली तशी बैठक हॉटेलात गेली आणि जेवण मागे लागलं ते लागलंच. त्यांचं पहिलं मोठं समाजकाम काय होतं माहितीये का, शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घ्यायचं. आपल्या बाजारपेठेत बाया दिवसभर पाणी न पिता बाजार करतात ते बघितलं की वाटतं शंभर वर्षांपूर्वीचा अजेंडा अजून शिळा झालेला नाही.

आपल्याकडे बरेच क्लब संध्याकाळी बसतात. आमचा दुपारचा, कारण मेंबरांत डॉक्टर जास्त आणि त्यांची सकाळची ओपीडी संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या मधे तोच काय तो वेळ. मीटिंगचं कसं असतं, आधी जेवण. शेवभाजी, पोळी, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, कोणाकडे काही आनंदाचं असेल तर वरण-बट्टी. मग अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत, सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवस, पाहुण्यांची ओळख, वीसेक मिनिटं वक्ता, आभार, परत घंटा. शिस्त बघणाऱ्याला सार्जंट-ॲट-आर्म्स म्हणतात, उशिरा आलात किंवा मोबाईल वाजला की तो दंड लावतो, दंडाची रक्कम किरकोळ असते आणि जाते क्लबच्याच कामाला. तिकडे रोटरीत एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे म्हणे, आमच्याकडे ती कोणी मनावर घेतलेली नाही, सगळे नाना, आप्पा, भाऊ आणि डॉक्टरसाहेब.

खरा क्लब घंटेच्या आधी असतो, ताटावर. दोन घंटांच्या मधे जे होतं ते मिनिटबुकात लिहायचं. जिनिंगवाला आणि बँक मॅनेजर शेजारी बसून बोलतात, हेडसर आणि ऑर्थोपेडिक बोलतात, आणि तुम्ही गप्प बसून ऐकलंत तरी गावात कोणाचं काय चाललंय, कपाशीचा पैसा बाजारात कधी उतरणार, कुठल्या शाळेला बेंच पाहिजेत, सगळं कळतं. नवीन माणसाने आधी दर वेळी वेगळ्या टेबलावर बसावं. आपल्या वयाच्या दोघातिघांचा कोपरा धरून बसलात की पत्ता कट.

आता फायद्याचं. व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरू नका. सीएंना तर १९४९ च्या कायद्यानेच असं काम मागत फिरायला बंदी आहे, पण बाकीच्यांनी पण नका करू, लोकांच्या लगेच लक्षात येतं. माझ्याकडे क्लबमुळे कामं आली का, आली. पण ती टेबलावर ओळख झाली म्हणून नाही आली, मी ठेवलेल्या शिबिराच्या हिशोबात रिक्षाभाड्याची पण पावती लावलेली दिसली म्हणून आली. आणि हो, सीए दिसला की खजिनदार करतात, याची तयारी ठेवा. नाही म्हणू नका. देणग्या क्लबच्या ट्रस्टमधून घ्यायच्या असतात, दोन हजाराच्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला करसवलत (लोक जिला ८०जी म्हणतात ती) मिळत नाही, देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सला भरून त्यांना देणगीचं सर्टिफिकेट काढून द्यावं लागतं, आणि हे सगळं गावातल्या मोठ्या शेठला समजावून सांगता सांगता क्लायंटशी कसं बोलायचं ते आपोआप येतं. आर्टिकलशिपमधे, म्हणजे सीए होतानाच्या उमेदवारीत, हे कोणी शिकवत नाही, तिथे व्हाउचर तपासा फक्त.

दर मीटिंगला फोर वे टेस्ट म्हणतात, सत्य आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, सद्भावना वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. पहिल्यांदा मला शाळेच्या प्रतिज्ञेसारखं वाटलं होतं. नंतर कळलं की हे १९३२ मधे हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने बुडायला आलेली भांड्यांची कंपनी हातात घेतली तेव्हा स्वतःच्या स्टाफसाठी लिहिलेलं. ते कळल्यापासून बॅलन्सशीटवाल्या नजरेने ऐकते.

पण क्लब कळायचा असेल तर मोतीबिंदूच्या शिबिरात रजिस्ट्रेशनचं टेबल मागून घ्या. ते कोणालाच नको असतं, सगळ्यांना उद्घाटनाला स्टेजवर बसायचं असतं. आम्ही चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आदिवासींच्या वस्त्या आहेत तिकडे जातो. पहिली गोष्ट म्हणजे महिना. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला घरात रिकामं कोणी नसतं, त्यामुळे तारीख पुढची घ्यायची. दुसरं, आठवडे बाजाराचा दिवस. तपासणीला तो बेस्ट, कारण वाड्यापाड्यांवरची माणसं तशीही खाली उतरलेली असतात, पण ऑपरेशनला त्याच दिवशी गाडीत बसवून न्यायचं म्हटलं की एक जण तयार होत नाही, पिशवीत बाजार असतो, घरी बकऱ्या असतात. म्हणून तपासणी बाजारच्या दिवशी आणि गाडी दोन दिवसांनी.

टेबलावर बसलं की फॉर्ममधे वय विचारायचं, आधारवर बघावं तर निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी. मोबाईल नंबर देतात तो सुरतला कामाला असलेल्या नातवाचा. ऑपरेशननंतर काही आठवडे थेंब टाकायचे असतात, फॉलोअपला बोलवायचं असतं आणि फोन लागतो सुरतला, म्हणून दोन नंबर लिहा आणि तिसरा गावातल्या आशाताईंचा, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविकेचा. बीपी आणि शुगर आधी तपासतात, वाढलेली असली की ऑपरेशन त्या दिवशी होत नाही, आणि पहाटेपासून येऊन बसलेली आजी चिडते, "माले दिखत नही अन तुम्ही रगत काढी ऱ्हायनात!" तिला डॉक्टर समजावणार नाहीत, त्यांना वेळ नाही, तुम्हालाच समजवावं लागतं. अजून एक समज पक्का आहे की मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढायचा नाही. हल्लीच्या ऑपरेशनला तसं थांबायची गरज नसते, उलट फार पिकला की काढायला अवघड जातं. हे अहिराणीत, म्हणजे इकडच्या खानदेशी बोलीत, सांगता आलं तर अर्धं काम झालं. माझी अहिराणी पुण्यात गंजली होती, शिबिरांनी परत चालू केली.

रक्तदान शिबिराचं थोडक्यात. आमच्याकडे मे महिन्यात उन्हाने आणि कॉलेजच्या सुट्ट्यांनी रक्तपेढ्या रिकाम्या होतात, थॅलेसेमियाच्या पोरांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, म्हणून शिबिर एप्रिल-मे मधे घ्यायला क्लबच्या मागे लागा, २६ जानेवारीला सगळेच घेतात. वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे. इथे बायकांची लाईन मोठी आणि त्यातल्या हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्याही बऱ्याच, तेव्हा सोबत लोहाच्या गोळ्या आणि आहाराचं टेबल ठेवावं असं मला वाटतं, नुसतं बिस्किट देऊन घरी पाठवू नये.

पोलिओचं नवीन लोकांना माहीत नसतं. रोटरीने १९८५ मधे पोलिओप्लस ही पोलिओ संपवायची मोहीम सुरू केली, भारतातली शेवटची केस जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २०१४ मधे भारतासकट आग्नेय आशियाचा सगळा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्यातल्या जुन्या मेंबरांनी रविवारी एसटी स्टँडवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढून डोस पाजलेत. ते आठवणी सांगायला लागले की घड्याळ बघू नका, गावातले कुठले रस्ते कुठे जातात ते त्यांना तोंडपाठ आहे आणि शिबिराला ते कामी येतं.

मुलींसाठी वेगळं सांगते. रोटरीत बायकांना अधिकृतपणे १९८९ पासून मेंबर होता येतं, त्याआधी फक्त मेंबरची बायको म्हणून, तिला ॲन म्हणायचे, अजूनही म्हणतात. पहिल्यांदा गेलात की कोणीतरी विचारेलच, "मिस्टर कुठल्या क्लबचे?" हसून सांगा की मेंबर मीच होणार आहे. आणि स्वागताला गुच्छ द्यायचं काम सारखं तुमच्याकडेच यायला लागलं तर एकदा आभारप्रदर्शन मागून घ्या, मग थांबतं.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारा, त्यात लाजायचं काही नाही. वार्षिक फी मधे जेवण धरलंय की वेगळं, डिस्ट्रिक्टची (म्हणजे आपल्या भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाची) आणि रोटरी इंटरनॅशनलची फी त्यात आली का, कॉन्फरन्सला जाणं कंपल्सरी आहे का. मेंबरशिप बोलावण्यावरून असते, कोणीतरी प्रपोज करावं लागतं, तोपर्यंत तीन-चार वेळा पाहुणे म्हणून जाता येतं. हजेरीचा बाऊ करू नका, २०१६ पासून क्लबला महिन्यात दोनच मीटिंगा ठेवायची पण मुभा आहे. बाहेरगावी असाल तर तिथल्या क्लबात जाऊन बसलं तरी चालतं, नाशिकला मी तसं करते, तिथलं जेवण आपल्यापेक्षा फिकं असतं. शिकत असाल तर रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचा तरुणांचा क्लब, बघा, फी कमी आणि १८ च्या पुढे वयाची आता वरची मर्यादा नाही.

पाहुणे म्हणून जायचं तर जुलैत नका जाऊ. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं, पदग्रहणाचे हारतुरे चालू असतात, सगळेच उत्साहात असतात, काही कळत नाही. फेब्रुवारीत जा, शिबिरांनी सगळे दमलेले असतात आणि हिशोब जुळत नसतो.