झायनला जाताय? सायकली घेऊन जा

अमेरिकेत येऊन वर्षही झालेलं नसतं, पण लाँग वीकएंड आला की यादी तयार असते: शुक्रवारी लास व्हेगास, शनिवारी युटा राज्यातली झायन आणि ब्राइस ही नॅशनल पार्क, रविवारी ग्रँड कॅन्यन. नव्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे, एवढं धावू नका. मुलं बरोबर असतील तर एकट्या झायनला दोन दिवस द्या आणि गाडी बाजूला ठेवून सायकलवर फिरा.

साधारण मार्च ते नोव्हेंबर तिथल्या दरीतल्या मुख्य रस्त्यावर खाजगी गाड्या सोडत नाहीत. पार्कची फुकट शटल बस असते आणि सायकलींना मात्र परवानगी आहे. दोन हजार फूट उंच तांबड्या कड्यांमधून जाणारा सहाएक मैलांचा डांबरी रस्ता, आणि त्यावर बस व दरीतल्या लॉजच्या पाहुण्यांच्या मोजक्या गाड्या, बाकी कोणी नाही. लेकरांना सोबत घेऊन इतक्या निर्धास्तपणे सायकल चालवावी अशी दुसरी जागा मी या देशात पाहिली नाही. बस चालत्या सायकलला ओलांडत नाही, म्हणून ती मागून आली की आपण कडेला थांबून तिला वाट द्यायची. एकामागे एक चालवायचं. मुलांना हे घरीच पढवून ठेवा.

लहानग्यांसाठी पारूस ट्रेल आहे. व्हिजिटर सेंटरजवळून निघून व्हर्जिन नदीच्या काठाने जाणारी ही पावणेदोन मैलांची पक्की वाट. पार्कमधल्या पायवाटांपैकी सायकल चालते ती हिच्यावरच. सायकली नसतील तर लगतच्या स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतात. मोठ्यांनी सकाळी लवकर, दरीत सावली असतानाच मुख्य रस्त्याने वर जावं. जाताना हलका चढ लागतो, परतताना तोच उतार सुखाचा होतो. कुणी दमलं तर बसला पुढे सायकलचा रॅक असतो, पण त्यात मोजक्याच सायकली बसतात, त्या भरवशावर अख्खं कुटुंब निघू नका.

रस्ता संपतो तिथे सायकली लावा आणि रिव्हरसाइड वॉक करा. जाऊन-येऊन 2.2 मैल, बहुतेक सपाट, भारतातून आलेल्या आईबाबांनाही जमतं. त्यापुढे नॅरोज ही अरुंद घळ सुरू होते, तिथे नदीच्या पात्रातूनच चालायचं. एंजल्स लँडिंग या उंच सुळक्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यासाठी एप्रिल 2022 पासून परमिट लागतं, शेवटचा टप्पा साखळ्या धरून अरुंद कड्यावरचा आहे. मुलं लहान असतील तर तो बेत सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत.

आता पाण्याचं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना वाटतं, पुराची आपल्याला सवय आहे. इथे तो अंदाज चालत नाही. डोक्यावर कडक ऊन असताना मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत येतो. सप्टेंबर 2015 मध्ये झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये एकाच लोंढ्यात सात जण गेले. म्हणून त्या दिवसाचा फ्लॅश फ्लडचा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा, अंदाज व्हिजिटर सेंटरमध्ये पाहिल्याशिवाय नॅरोजमध्ये पाऊल टाकू नका. आणि नदी दिसली की ओंजळभर पाणी तोंडावर मारायची आपली सवय आवरा. या नदीत सायनोबॅक्टेरिया नावाचे विषारी सूक्ष्मजीव आढळतात. मुलांना त्या पाण्यात डोकं बुडवू देऊ नका.

उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो. मुंबई-कोकणात घाम निथळतो तेव्हा तहान कळते. इथल्या कोरड्या हवेत तो अंगावर दिसायच्या आतच उडतो आणि पोर अचानक मलूल होतं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा, सोबत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, चिवडा, धपाटे. खारींना मात्र दाणाही टाकू नका, त्याला बंदी आहे आणि त्या कडकडून चावतात. जायला एप्रिल-मे किंवा दिवाळीच्या आसपासचा काळ उत्तम. ऑक्टोबरअखेर नदीकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी होतात.

फोनला दरीत फारशी रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या. लास व्हेगासहून येताना युटात घड्याळ तासभर पुढे जातं, हेही लक्षात असू द्या.

प्रवेश गाडीमागे 35 डॉलर. अमेरिकेतल्या रहिवाशांचा वार्षिक पास 80 डॉलरचा, त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. चौथीतल्या मुलाला वर्षभराचा पास मोफत मिळतो, तो आधी ऑनलाइन काढून छापून न्यायचा. 2026 पासून परदेशी पाहुण्यांना, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांनाही, झायनमध्ये माणशी 100 डॉलर जास्तीचे पडतात. ब्राइसलाही तोच नियम आहे. दोन्हीकडे जाणार असाल तर त्यांच्यासाठी 250 डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडेल. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर दर आणि शटलचं वेळापत्रक पुन्हा एकदा बघून घ्या.