डायलिसिसवर असताना फ्लूची लस: मिरगाच्या आधी काय काय करावं

खानापूरकडं पाऊस लागला की आठवडा-आठवडा उघडीप नसते. त्याच दिवसांत बेळगाव, निपाणी, चिकोडीत घरोघरी ताप-खोकला सुरू होतो. धडधाकट माणूस चार दिवस अंथरुणात काढून उठतो. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते, त्यामुळं त्याचा फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. शिवाय त्याला घरात बसूनही चालत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा बसनं नाहीतर वडापनं सेंटर गाठायचं आणि चार तास इतर रुग्णांच्या शेजारी पडून राहायचं, हे चुकत नाही. म्हणून ही लस त्यानं दरवर्षी घ्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. कुणी आठवण करून देईल याची वाट बघू नका, आपणच विचारा.

कधी घ्यायची

आपल्याकडं फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये. लस घेतल्यावर शरीर तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यात, मिरग निघायच्या आधी लस झालेली बरी. हुकली तर जुलै-ऑगस्टमध्येही घ्या, पुढं हिवाळा आहेच. फ्लूचे विषाणू बदलत राहतात, त्यामुळं लसही दरवर्षी नव्यानं ठरते. जागतिक आरोग्य संघटना तिच्यात कोणते विषाणू घ्यायचे हे वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये सांगते. गेल्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा चालून जाईल, असं होत नाही.

आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा

पुढच्या डायलिसिसच्या वेळी डॉक्टरांकडून लस चिठ्ठीवर लिहून घ्या. पूर्वी एखाद्या लशीनं अंगावर मोठी रिअॅक्शन आली होती का, कधी गीयाँ-बारे हा नसांचा आजार झाला होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे सगळं सांगा. ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यामुळं फ्लू होत नाही. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र डायलिसिसच्या रुग्णानं घेऊ नये.

लस आणताना

सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस नाही, त्यामुळं बहुतेकांना ती पदरच्या पैशानं घ्यावी लागते. तरी जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या सेंटरमध्ये मिळते का, हे आधी विचारून बघा. मेडिकलमधून आणायची असेल तर खोका हातात घेऊन दोन गोष्टी वाचा: संपण्याची तारीख आणि हंगामाचं वर्ष. खोक्यावर दक्षिण किंवा उत्तर गोलार्धाचा हंगाम छापलेला असतो. मे-जूनमध्ये घेताना त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस मागा. जुना साठा गळ्यात मारून घेऊ नका.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. अथणी-कागवाडच्या मे महिन्यात ती खिशात घालून नेली तर तिचा उपयोग राहत नाही, आणि बर्फाला थेट चिकटून गोठली तरी ती वायाच जाते. सगळ्यात चांगलं म्हणजे जिथं मिळते तिथंच टोचून घ्या. आणावीच लागली तर मेडिकलवाल्याकडून थंड पिशवी घ्या, मधे कागदाची घडी ठेवा आणि वाटेत कुठं न थांबता दवाखाना गाठा.

कोणता दिवस, कोणता हात

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्यामुळं त्यानंतर सुई टोचली तर रक्त जास्त वेळ येतं आणि काळंनिळं पडतं. डायलिसिस नसलेला दिवस उत्तम. वेगळी फेरी परवडत नसेल तर मशीनला लावायच्या आधी द्यायला सांगा. टोचल्यावर कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा, चोळू नका.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं शिरा जोडून घेतलेल्या हाताला लस नको. त्या हातावर जसं बीपी मोजत नाहीत आणि त्यातून रक्त काढत नाहीत, तसंच हे. सेंटरमधल्या सिस्टरना माहीत असतं, पण बाहेरच्या दवाखान्यात बाही वर करायच्या आधीच सांगा. समोरच्यांना मराठी येत नसेल तर हात दाखवून कन्नडमध्ये ‘ई कै ब्याड’ (हा हात नको) एवढं म्हटलं तरी कळतं. दोन्ही हातांना फिस्टुला झालेला असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला देता येते का, हे डॉक्टरांना विचारा. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) असणाऱ्यांनी फिस्टुलासाठी कोणता हात राखून ठेवला आहे, हे विचारून घ्यावं.

घेतल्यानंतरचे दोन दिवस

दंड दुखतो, अंग मोडून येतं, बारीक तापही येतो. एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं. लागलीच तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवाल्यानं दिल्या तरी त्या घेऊ नका.

इथं घरच्यांना कळकळीनं सांगायचं आहे. ताप आला की प्रेमानं शहाळं, मोसंबीचा रस, काढा पुढं येतो. शहाळ्यात आणि मोसंबीत पोटॅशियम भरपूर असतं, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. काढा झाला तरी तो दिवसाच्या पाण्याच्या मापातच धरायचा. तापातही पाण्याचं माप तेच, डॉक्टरांनी बदललं तरच बदलायचं.

थंडी वाजून हुडहुडी भरली तर लशीचा ताप असेल म्हणून गप्प बसू नका, विशेषतः मानेत कॅथेटर असेल तर. ते कॅथेटरमधल्या जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. लगेच सेंटरला फोन करा.

घरच्यांनीही घ्यावी

डायलिसिसच्या रुग्णाला ही लस धडधाकट माणसाएवढी लागू पडत नाही. म्हणून सोबत येणारा मुलगा, डबा करणारी सून, शाळेतून सर्दी घेऊन येणारी नातवंडं यांनीही घेतली तर फ्लू उंबऱ्याबाहेर राहण्याची शक्यता वाढते. सगळ्यांची परवडत नसेल तर जे रोज जवळ असतात त्यांची आधी.

तरीही फ्लू झाला तर

निघण्याआधी सेंटरला फोन करा, मास्क लावून जा, म्हणजे ते तुम्हाला वेगळं बसवतील. ताप आहे म्हणून डायलिसिस चुकवू नका, पाणी आणि पोटॅशियम दोन्ही चढतं. फ्लूवरचं ओसेल्टामिवीर पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो, पण डायलिसिसच्या रुग्णाची मात्रा बरीच कमी असते. शेजाऱ्याची उरलेली पट्टी घेऊ नका. धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा माणूस बरळायला लागला तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

फाईलमध्ये नोंद

निपाणीचे रुग्ण डॉक्टरांना दाखवायला कोल्हापूरला जातात, अथणीकडचे मिरजेला, आणि डायलिसिस मात्र आपल्या तालुक्याला. कागद कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांत विखुरतात. एकाच वहीत लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि कोणत्या हाताला दिली हे लिहा, खोक्यावरचं लेबल त्यातच चिकटवा. त्याच पानावर कावीळ बी (हिपॅटायटिस बी) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूवरची) लशींच्या तारखाही टाका. कावीळ बी ची मात्रा डायलिसिसवर दुप्पट असते, आणि तिची प्रतिपिंडं टिकून आहेत का हे वर्षातून एकदा रक्त तपासून बघतात. ती तपासणी कधी झाली होती, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.