ईव्हीला मोठी चाकं बसवण्याआधी

इलेक्ट्रिक कारला बहुधा एकच गिअर असतो. त्यामुळे टायरचा बाहेरचा व्यास वाढला की ओढ (गाडी पुढे खेचण्याची ताकद) घटते, आणि ती भरून काढायला खालचा गिअर नसतो. २१५/६० आर१६ टायरचा (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची) व्यास साधारण ६६४ मिमी. १७ इंची रिमवर २१५/५५ घेतला तर ६६८, फारसा फरक नाही. पण २१५/६०च ठेवला तर ६९०! म्हणजे ओढ जवळपास ४ टक्के कमी, शिवाय स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. दिखाऊ, जड अलॉय तर नकोतच, ते फिरवण्यातच ताकद जाते. सिग्नलवरून निघताना चाकं जागेवर फिरत असतील, तर मात्र प्रश्न पकडीचा आहे: जास्त पकड देणारा टायर घ्या, रेंज थोडी कमी होईल. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. बॅटरीमुळे गाडी जड असते.