गॅस कटिंग शिकताना: पहिल्या रेघेपासून मापाच्या जॉबपर्यंत

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नव्याने आलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी टॉर्च, म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्टील कापायचे हत्यार, देऊ नये. फ्रेंच चॉक, सेंटर पंच, मापपट्टी आणि गुण्या द्यावा. कापलेल्या तुकड्याचे माप कापताना चुकत नाही, ते बहुतेक वेळा आखतानाच चुकलेले असते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका जॉबसाठी १००० मिमी लांबीच्या पट्टीवर २००, ४००, ६०० आणि ८०० मिमीवर रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध कापत गेलो. कापताना जळून जाणारी रुंदी, जिला कामावर ‘कर्फ’ म्हणतात, सुमारे २ मिमी होती. त्यामुळे टोकाचे दोन तुकडे १९९ मिमीचे आणि मधले तीन १९८ मिमीचे निघाले. ते तुकडे चॅनलच्या, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराच्या स्टीलच्या बारच्या, पोटात बसायचे होते. प्रत्येक ठिकाणी फट राहिली, ती वेल्डिंगने भरावी लागली आणि तेवढ्या जादा उष्णतेने चॅनल वाकला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: रेघ मारायची, रेघेवर साधारण दहा-दहा मिमीवर सेंटर पंचाच्या खुणा करायच्या, आणि कर्फ नेहमी टाकाऊ बाजूला ठेवायचा. कापून झाल्यावर पंचाच्या खुणांचा अर्धा भाग तुकड्याच्या कडेवर दिसला, तर कापणाऱ्याने रेघ सोडलेली नाही.

आखणी जमू लागली की दुसरा प्रश्न येतो: कोणता धातू कशाने कापायचा? हॅकसॉ, कटिंग व्हील, गॅस, प्लाझ्मा (विजेने प्रचंड तापवलेल्या वायूचा झोत), लेझर आणि पाण्याचा झोत यांपैकी प्रत्येकाची जागा वेगळी आहे. अँगल, पाइप, गोल बार यांचे थोडे तुकडे असतील तर चॉपसॉ, म्हणजे वरून खाली दाबून कापणारे चक्रीचे मशीन, पुरतो. हॅकसॉने कापताना पातीचे किमान तीन दात सतत धातूवर टेकलेले असावेत, म्हणून पातळ पाइपला बारीक दातांची पाती लागते, आणि दातांचे तोंड नेहमी पुढच्या दिशेला असते. जाड माइल्ड स्टीलसाठी, म्हणजे नेहमीच्या साध्या स्टीलसाठी, गॅस स्वस्त आणि खात्रीचा. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमसाठी प्लाझ्मा किंवा लेझर. पातळ पत्र्यात नेमकी भोके आणि नक्षीदार आकार हवे असतील तर लेझरला पर्याय नाही. उष्णता अजिबात चालणार नसेल तर पाण्याचा झोत. ३ मिमीच्या आतला पत्रा गॅसने कापण्याचा हट्ट धरू नये. तो वेडावाकडा होतो आणि सरळ करण्यात दुप्पट वेळ जातो.

आजच्या तरुणांचा ओढा लेझर मशीनकडे आहे आणि तो योग्यच आहे. तरीही माझे ठाम मत असे आहे की, ज्याने हाताने गॅस कटिंग केले आहे तो लेझरवरही अधिक चांगला ऑपरेटर होतो, कारण धातू उष्णतेला कसा वागतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. गॅसने स्टील वितळवून कापले जाते असा सार्वत्रिक समज आहे, पण तसे होत नाही. ज्योत फक्त स्टीलला सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. त्यानंतर टॉर्चवरची लिव्हर दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड ऑक्सिजनमध्ये अक्षरशः जळते, आणि तयार होणारे ऑक्साइड स्टीलपेक्षा कमी तापमानाला वितळत असल्यामुळे झोताबरोबर खाली वाहून जाते. स्टेनलेस स्टील गॅसने का कापत नाही, याचे उत्तर इथेच आहे: त्यातल्या क्रोमियमचे ऑक्साइड फार उच्च तापमानाला वितळते आणि पृष्ठभागावर कवचासारखे बसते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या ऑक्साइडला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. हे कारण ज्याला समजले, तो चुकीच्या धातूवर गॅस वाया घालवत नाही. ऑक्सिजनच्या शुद्धतेलाही त्यामुळेच एवढे महत्त्व आहे, कटिंगसाठी ९९.५ टक्के शुद्धता अपेक्षित असते आणि त्यात थोडी जरी घट झाली तरी कापण्याचा वेग लक्षणीय मंदावतो.

आता जोडणी. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि ॲसिटिलीनचा मरून रंगाचा असतो. ॲसिटिलीनच्या जोडाचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात आणि त्याच्या नटावर खाच असते, जेणेकरून चुकूनही अदलाबदल होऊ नये. दोन्ही सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले असावेत. ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून भरलेला असतो, त्यामुळे सिलिंडर आडवा करून वापरला तर ॲसिटोन नळीत येतो. ॲसिटिलीनचा दाब कधीही १ किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या) वर नेऊ नये, कारण त्यापुढे तो बाहेरून आग न लागताही फुटू शकतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला किंवा नळीला तेलाचा, ग्रीसचा हात लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी येणारी ज्योत अडवणारे व्हॉल्व्ह, लावलेले असावेत आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. टॉर्च पेटवायला काडेपेटी वापरू नये, घर्षणाचा लायटर वापरावा. टॉर्चच्या आत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर ज्योत उलटी आत शिरली आहे असे समजून आधी टॉर्चवरचा ऑक्सिजन आणि लगेच ॲसिटिलीन बंद करावा.

दोन गोष्टींबाबत मी कोणाशीही तडजोड करत नाही. डिझेल, रंग किंवा रसायन भरलेला बंद ड्रम, तो कितीही रिकामा दिसला तरी, कापायला घ्यायचा नाही. आत उरलेल्या वाफेने तो फुटतो. आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा पाइप बंद जागेत कापायचा नाही, कारण जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. चष्मा साध्या काळ्या काचेचा चालणार नाही. २५ मिमीपर्यंतच्या गॅस कटिंगसाठी ३ किंवा ४ नंबरची काच लागते.

सरावासाठी १२ मिमीची माइल्ड स्टीलची प्लेट निवडावी. त्याहून पातळ प्लेटवर चूक झाकली जाते आणि त्याहून जाड प्लेटवर नवशिक्या घाबरतो. प्लेटवरचा गंज आणि रंग कापायच्या रेघेवरून ग्राइंडरने काढून टाकावा. ३/६४ इंचाचे नोझल, ऑक्सिजन साधारण २ ते ३ किलो आणि ॲसिटिलीन सुमारे ०.२ किलो, एवढ्यावर सुरुवात करावी; अंतिम आकडा नोझल बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यावा. ज्योत पेटवून तटस्थ करावी, म्हणजे नोझलभोवतीचे पांढरे शंकू स्पष्ट आणि तीक्ष्ण दिसावेत. मग लिव्हर दाबून पाहावी, आणि झोत सुरू असताना ज्योत बिघडली तर पुन्हा नीट करावी. ही दुसरी तपासणी बरेच जण विसरतात.

प्लेट फरशीवर ठेवून कापू नये; काँक्रीटमधला ओलावा तापून तुकडे उडतात. दोन चॅनलवर प्लेट अशी ठेवावी की कापाची रेघ मधल्या रिकाम्या जागेवर येईल आणि तुटणारा तुकडा पायावर पडणार नाही. कडेपासून सुरुवात करावी. पांढऱ्या शंकूंची टोके प्लेटपासून सुमारे ३ मिमी वर धरून कड लालभडक होऊ द्यावी, मग लिव्हर हळूच दाबावी आणि ठिणग्या खालच्या बाजूने सरळ बाहेर पडू लागल्यावरच हात पुढे सरकवावा. डावा हात टेकवून उजव्या हाताला आधार द्यावा. सरळ कापासाठी अँगलचा तुकडा क्लॅम्पने बांधून त्याच्या आधाराने टॉर्च चालवणे यात कमीपणा काहीच नाही.

खरे शिक्षण मात्र कापून झाल्यावर सुरू होते, कारण कापलेली कड सगळे सांगते. चांगल्या कापात वरची कड धारदार असते, कडेवरच्या बारीक रेषा जवळजवळ उभ्या असतात आणि खालचा स्लॅग, म्हणजे जळून थिजलेला मळ, हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने निघतो. रेषा मागे झुकलेल्या असतील आणि स्लॅग घट्ट चिकटला असेल, तर हात फार भरभर चालला. वरची कड वितळून गोल झाली आणि कर्फ रुंद झाला, तर हात फार सावकाश चालला किंवा ज्योत गरजेपेक्षा मोठी होती. वरच्या कडेच्या खाली पोकळ खोबण पडली असेल, तर ऑक्सिजनचा दाब जास्त आहे. मी शिकणाऱ्यांना एकाच प्लेटच्या पाच पट्ट्या पाच वेगवेगळ्या वेगांनी मुद्दाम कापायला लावतो आणि प्रत्येकीवर खडूने वेग व दाब लिहून त्या भिंतीला टांगायला सांगतो. महिनाभर त्या पट्ट्यांकडे येता-जाता पाहणाऱ्याला पुढे कोणी चूक समजावून सांगावी लागत नाही.

हे शिक्षण घ्यायचे कुठे? आठवी उत्तीर्ण मुलामुलींसाठी शासकीय आणि खासगी आयटीआयमधील वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड खुला आहे आणि त्यात गॅस कटिंग शिकवले जाते. दहावी उत्तीर्णांसाठी फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यात कानस, हॅकसॉ, मोजमाप आणि ड्रॉइंग वाचन यांचा पाया पक्का होतो. महाराष्ट्रातील प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) आणि टूलिंगकडे (साचे व डाय बनवण्याकडे) जायचे असेल तर छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्था आहेत. फक्त मशीन चालवायला शिकण्यापेक्षा ड्रॉइंग वाचायला शिकण्यावर अधिक वेळ द्यावा, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो. मशीन बदलते, ड्रॉइंगची भाषा बदलत नाही.

कौशल्य आल्यावर स्वतःचे काम घेणारे बरेच असतात. कोल्हापूर, सांगली भागात गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची दुरुस्ती निघते, गुऱ्हाळांच्या काहिली बदलायच्या असतात, शेडचे खांब उभे करायचे असतात, आणि यातले जवळजवळ प्रत्येक काम मापाचे, म्हणजे त्या एकाच ग्राहकासाठी बनवायचे असते. अशी ऑर्डर घेताना ग्राहकाला पहिल्यांदा विचारावे की हा भाग कशाला जोडला जाणार आहे. खांबाच्या बेसप्लेटची कड एखादा मिमी इकडेतिकडे झाली तर चालते, पण बोल्टच्या भोकांचे अंतर चुकलेले चालत नाही. तिथे १६ मिमीच्या बोल्टसाठी १८ मिमीचे भोक ड्रिलनेच पाडावे, गॅसने नव्हे. कोणते माप महत्त्वाचे आणि कोणते नाही, हे ड्रॉइंगवर लाल पेनाने गोल करून ग्राहकाची सही घ्यावी.

काम लेझरकडे पाठवायचे असेल तर डीएक्सएफ फाइल, म्हणजे मशीनला द्यायचे संगणकावरचे ड्रॉइंग, एकास एक मापात असावी, रेषा पूर्ण बंद असाव्यात आणि एकावर एक दोनदा काढलेली रेष नसावी, कारण मशीन ती दोनदा कापते. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान व्यासाचे भोक शक्यतो मागू नये. वाकवायच्या भागात सर्वांत जास्त चूक होते ती उलगडलेल्या मापात. ३ मिमी पत्र्याचा, बाहेरून ५० बाय ५० मिमी मापाचा अँगल हवा असेल, तर पट्टी १०० मिमीची कापायची नसते. आतली त्रिज्या ३ मिमी धरली तर दोन सपाट बाजू ४४-४४ मिमी आणि वाकाचा भाग सुमारे ६.६ मिमी, असे मिळून पट्टी ९४.६ मिमीच्या आसपास येते. हा आकडा डायप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून ज्या प्रेसवर वाकवायचे आहे तिथेच एक तुकडा वाकवून मोजावा.

भाव सांगताना वजनापासून सुरुवात करावी. १ चौरस मीटर आणि १ मिमी जाडीचे स्टील ७.८५ किलो भरते, म्हणून २०० बाय २०० बाय १२ मिमीची बेसप्लेट सुमारे ३.७७ किलोची होते. गोल बारसाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सगळ्या साइटवर पाठ असते. १६ मिमीचा बार मीटरला १.५८ किलो येतो. पण ग्राहकाला लावायचे वजन फक्त तयार तुकड्याचे नसते. १२५० बाय २५०० मिमीच्या प्लेटमधून अशा बेसप्लेट रुंदीत सहा आणि लांबीत बारा, म्हणजे बहात्तर निघतात, आणि उरलेल्या पट्ट्या भंगारात किंवा पुढच्या जॉबच्या रॅकमध्ये जातात. त्यांचा हिशेब, कटिंगचे मीटर, ड्रिलिंगची भोके, ग्राइंडिंग, रंग आणि वाहतूक या गोष्टी कोटेशनमध्ये वेगवेगळ्या लिहिल्या की ग्राहकाशी वाद होत नाही. घाईत एकच ठोक रक्कम सांगणारा बहुतेक वेळा ग्राइंडिंगचा वेळ विसरलेला असतो.

लॉट मोठा असेल तर सगळे तुकडे एकदम कापू नयेत. पहिला तुकडा कापून, कडा साफ करून, गुण्या लावून आणि प्रत्यक्ष जिथे बसायचा तिथे बसवून पाहावा, ग्राहकाला दाखवावा, आणि त्यावर पंचने खूण करून तो शेवटची डिलिव्हरी होईपर्यंत बेंचवर ठेवावा. नंतरचा प्रत्येक तुकडा मोजायचा तो टेपशी नव्हे, त्या पहिल्या तुकड्याशी.