बीटा अ‍ॅपने फाइल्स बळकावल्या तर

एखाद्या अ‍ॅपचं बीटा व्हर्जन, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती, टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफवर डबल क्लिक केलं की तेच उघडतंय, आयकॉनही बदललेत, असं झालं तर घाबरू नका, फाइलला काही झालेलं नसतं, फक्त ती कशात उघडायची ही नोंद बदललेली असते.

आधी त्या बीटाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे 'डीफॉल्ट अ‍ॅप आहे का ते तपासा' अशी टिक (डीफॉल्ट म्हणजे फाइल आपोआप ज्यात उघडते ते अ‍ॅप) अनेकदा असते, असली तर ती काढा, नाहीतर तुम्ही नीट करणार आणि ते पुन्हा पुन्हा डीफॉल्ट व्हायला बघणार.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, वरच्या बॉक्समध्ये .pdf टाइप करा, जुनं अ‍ॅप निवडा. जेपीजी आणि पीएनजी या फोटोच्या फाइल्सचं वेगवेगळं करावं लागतं, वैताग आहे पण इलाज नाही. एकच प्रकार असेल तर फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', दुसरं अ‍ॅप निवडा आणि 'ऑलवेज' दाबा.

मॅकवर फाइल सिलेक्ट करून कमांड-आय, 'ओपन विथ' मध्ये अ‍ॅप निवडा आणि खालचं 'चेंज ऑल' विसरू नका, नाहीतर तेवढी एकच फाइल बदलते.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना 'कस्टम' घ्या, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, फाइल टाइपच्या टिक अनेकदा तिथेच लपलेल्या असतात.