मॅटलॉकची केबल ट्राम पायी कशी पाहावी

इंग्लंडमध्ये डर्बीला आमच्याकडे कुणी भारतातून आलं की मी त्यांना जवळच्या मॅटलॉक गावी नेतेच. तिथली दोराने ओढली जाणारी ट्राम 1927 सालीच बंद पडली, तरी तिचा रस्ता शाबूत आहे. फक्त तो खालून वर, पायीच चढायचा. गाडीने वर गेलात तर ट्राम का लागली ते कळणारच नाही.

डर्बीहून रेल्वेने मॅटलॉकला, शेवटच्या स्टेशनावर उतरा, डरवेंट नदीवरचा पूल ओलांडा की क्राउन स्क्वेअर. ट्राम इथूनच सुटायची. समोरचा बँक रोड धरा. चढ असा, की साडेपाच फूट पुढे गेलं की एक फूट वर! धाप लागली की थांबा आणि इथे उपचाराला येणारी आजारी माणसं आठवा. जॉन स्मेडली या गिरणीमालकाने 1853 पासून टेकडीवर जलोपचाराचं केंद्र वाढवलं. थंड पाण्याच्या आंघोळी, ओल्या चादरीत गुंडाळणं, असे उपचार. पण तिथवर पोचायचं कसं? इथल्याच जॉब स्मिथने सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल ट्राम पाहिल्या होत्या, कल्पना त्याची. पैसा उभा केला जॉर्ज न्यून्सने. शेरलॉक होम्सच्या गोष्टी छापणारं स्ट्रँड मासिक त्याचंच, आणि त्याचा जन्म शेजारच्या मॅटलॉक बाथचा. मार्च 1893 मध्ये ट्राम सुरू झाली.

स्मेडली स्ट्रीटच्या चौकात जरा टेका. वर जाणारी आणि खाली येणारी ट्राम इथे एकमेकींना ओलांडायच्या. रस्त्याखालच्या खाचेतून लोखंडी दोर फिरायचा, ट्राम तो चिमट्यात पकडायची. स्मेडलींची ती अवाढव्य इमारतही इथेच आहे, आता त्यात काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य कार्यालय आहे.

पुढे रटलंड स्ट्रीटने वेलिंग्टन स्ट्रीटपर्यंत जा. दोर ओढणारं वाफेचं इंजिन इथल्या डेपोत होतं. इमारत जरूर पाहा.

तिकीट वर जायला दोन पेनी, खाली यायला एकच. मला हा हिशेब फार आवडतो, चढाचे पाय ज्याने ओळखले त्यानेच तो मांडला असणार. न्यून्सने 1898 मध्ये ट्राम गावाला देऊन टाकली. पुढे मोटारबस आल्या आणि तोटा पेलेना.

उतरताना गुडघे सांभाळा, विशेषतः पाऊस पडून गेला असेल तर. खाली हॉल लीज पार्कमध्ये घड्याळाचा एक निवारा दिसेल. तो क्राउन स्क्वेअरमधला ट्रामथांबा, ट्राम बंद झाल्यावर इथे हलवलेला. डबा तिथेच उघडा.