बिडाचा ड्रेनेज पाइप वरून ठणठणीत दिसला तरी एकदा वाजवून बघा

घर 50-60 वर्षं जुनं असेल आणि ड्रेनेजचे पाइप काळे, जड, बिडाचे असतील (म्हणजे ओतीव लोखंडाचे, प्लंबर सीआय म्हणजे कास्ट आयर्न पाइप म्हणतात ते) तर फुटायची वाट बघू नका, आधीच तपासून घ्या. उभा पाइप 75 वर्षंसुद्धा काढतो, पण आडवा, त्यातून फरशीखाली गाडलेला, त्याच्या बऱ्याच आधी जातो.

जातो तो आतून. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच गॅस, आणि पाइपाच्या ओल्या भिंतीवरचे बॅक्टेरिया त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात, ते वरची बाजू खात बसतं. खाली पाणी नि गाळ साचून तळ झिजतो. गंजाच्या गाठी वाढून वाट अरुंद होते ते वेगळंच. सगळ्यात फसवं काय तर काही पाइपांत लोखंड निघून जातं आणि नुसता ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो, आकार तोच, रंग तोच, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आत रुततं आणि बोटाला पेन्सिलच्या शिशासारखं काळं लागतं. असा पाइप मी स्वतः हातात धरलाय, एका बाजूने अंगठ्याने चुरत होता!

तपासायचं कसं? वास येत असेल तर आधी न वापरलेल्या बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचा, पाणी साठवून वास अडवणारा भाग) बादलीभर पाणी ओता, पुष्कळदा ट्रॅप सुकलेला असतो एवढंच. तरी वास राहिला तर टॉर्च घेऊन उघडा पाइप वरपासून खालपर्यंत बघा, आडव्या पाइपाची खालची बाजू आणि उभ्याची भिंतीकडची बाजू विशेष, कारण तिकडे कोणी बघतच नाही. उभी केसासारखी चीर आणि तिच्यावर ओळीने गंजाचे बारीक मणी दिसले तर तो पाइप संपलाय, रंग मारून झाकू नका. मग छोट्या हातोडीने हळूच वाजवत जा, चांगलं बीड घंटेसारखं टण्ण वाजतं, सडलेलं किंवा गाळाने भरलेलं बद्द वाजतं. जोरात मारू नका, बीड वाकत नाही, सरळ तडकतं.

एकच बेसिन तुंबतंय तर दोष त्याच बेसिनचा. पण फ्लश केल्यावर खालच्या न्हाणीत गुडगुड होत असेल, सगळीकडेच पाणी हळू उतरत असेल तर मेन लाइन बघायला हवी, आणि तिथे अंदाज नको, कॅमेरा घालून बघा.

तुंबलं की अ‍ॅसिड ओतायची सवय मात्र कृपा करून सोडा. आधीच पातळ झालेला तळ त्याने आणखी खाल्ला जातो, आणि नंतर उघडायला येणाऱ्या माणसाच्या अंगावर तेच उडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाइपाचा आकार शाबूत असेल तर आतून लायनिंग (म्हणजे आत नवा थर) होतं, तळच गेला असेल तर बदलणं आलं. एपॉक्सी पुट्टी नि क्लॅम्प चार दिवसांची सोय म्हणून ठीक. उभ्या पाइपाचा मधला तुकडा कापायचा असेल तर आधी वरचा भाग क्लॅम्पने पक्का अडकवा, 4 इंची 10 फुटी पाइप 30 किलोच्या पुढे जातो आणि वरचे सगळे तुकडे खालच्यावरच उभे असतात, एक सुटला की थेट डोक्यावर. हे काम एकट्याने करूच नका. जुन्या जोडांत तागाच्या दोऱ्यावर शिसं ओतलेलं असतं, त्यावर ग्राइंडर चालवू नका, शिशाची धूळ फार वाईट, आणि काम झालं की हात साबणाने धुवा. पीव्हीसीचा तुकडा जोडायला आत रबर आणि वर स्टीलचा पट्टा असलेलं कपलिंग घ्या, नुसत्या सिमेंटने जोड टिकत नाही. आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर उतार ठेवा. पीव्हीसीतून पाणी पडल्याचा आवाज बिडापेक्षा जास्त येतो, बेडरूमच्या भिंतीत पाइप असेल तर हे आधीच धरून चाला.

आणि भिंत बुजवायची घाई नको, वरच्या मजल्यावर दोन-तीनदा फ्लश करायला सांगा आणि प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवा, सगळीकडे कोरडाच आला की मग सिमेंट कालवा.